सकाळचा म्हातारा धूर

एकाच चुलवाणातला धूर सकाळी म्हातारा असतो आणि दुपारी तरणा होतो, असं कुणी सांगितलं तर तुम्ही काय कराल? सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघाल. माळशिंगीच्या लोकांनीही तेच केलं असतं, पण सांगणाऱ्याला कपाळच नव्हतं. त्याला नुसतं नाक होतं.

गुडघ्याएवढ्या उंचीचा, चार चाकांवर चालणारा तो यंत्रमानव. पाठीवर उन्हावर चालणारी वीजपट्टी आणि पुढं हातभर लांब नळी. सरकारी कागदावर त्याचं नाव ‘धूरवयमापक’ (धुराचं वय मोजणारं यंत्र) असं भारदस्त होतं. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याला नाकाड्या करून टाकलं आणि तोही निमूटपणे त्याच नावाला ओ देऊ लागला.

गोष्ट आहे थोड्या पुढच्या काळातली. भोगावतीकाठच्या माळशिंगीत आता एसटी आवाज न करता यायची, आपल्याला पाणी कधी हवं ते उसाचं शेतच मोबाइलवर कळवायचं. गूळ मात्र अजून पूर्वीसारखाच व्हायचा. घाण्यात उसाचा रस काढायचा, भल्यामोठ्या काहिलीत ओतायचा आणि तासन्‌तास आटवायचा. काहिलीखालच्या भट्टीला म्हणायचं चुलवाण. रस काढून उरलेला उसाचा चोथा म्हणजे चिपाड, ते वाळवून त्याच चुलवाणात जाळायचं. अकरा वर्षांच्या कस्तुरीच्या वडिलांचं, सर्जेराव चौगलेंचं, असंच एक गुऱ्हाळ होतं.

आणि त्या वर्षी आली धूरपट्टी. घरपट्टी असते, पाणीपट्टी असते, तशी धुरावरची पट्टी. त्यात मेख अशी, की सगळ्या धुराला ती नव्हती. दगडी कोळसा, डिझेल, प्लास्टिक यांचा धूर म्हणजे ‘जुना धूर’. त्याला पट्टी. लाकूड, चिपाड, शेणी (गोवऱ्या) यांचा ‘नवा धूर’. त्याला माफी, वर मालाला हिरवा शिक्का. हिरव्या शिक्क्याच्या गुळाला परगावी चांगली मागणी. ओढ्यापलीकडं दगडी कोळसा जाळणाऱ्या वीटभट्टीवाल्यांनी तर पहिल्याच दिवशी कपाळाला आठ्या घालून विचारलं, “धूर तो धूर. त्याला काय जन्मतारीख असती?”

कस्तुरीलाही तेच वाटत होतं. दोन्हीकडचा धूर काळा, दोन्हीकडचा डोळ्यात जाणारा. शिवाय धूर जातो आभाळात. मग आभाळाची पट्टी गावात कशाला भरायची? ती चक्रावून गेली होती, आणि खरं सांगायचं तर गावातली मोठी माणसंही तिच्याइतकीच चक्रावली होती. फक्त मोठी माणसं चक्रावली की गप्प बसत नाहीत, जोरात बोलू लागतात.

माघातल्या एका सकाळी नाकाड्या चौगल्यांच्या गुऱ्हाळावर आला. चुलवाण नुकतंच पेटलं होतं. त्यानं धुराड्यापाशी नळी उंच केली, एक लांब श्वास घेतला आणि म्हणाला, “शंभरातले अठ्ठावीस कण जुने. दोन-तीन इकडंतिकडं होऊ शकतात. दहाच्या वर जुने असतील तर माफी नाही.”

सर्जेराव हसले. “अरं बाबा, हे चिपाड हाय. परवा शेतात उभा असलेला ऊस. ह्यात जुनं काय असणार?”

“मला माहीत नाही,” नाकाड्या म्हणाला. “मला फक्त वास येतो.”

दुपारी सर्जेरावांनी त्याला मुद्दाम पुन्हा बोलावलं. चुलवाण धगधगत होतं, काहिलीत रसाला पिवळा फेस आला होता. नाकाड्यानं नळी उंच केली. “शंभरातले दोन जुने,” तो म्हणाला.

मग काय विचारता. गुऱ्हाळावर जमलेल्या मंडळींना आयतंच कोलीत मिळालं. गूळ झाला की नाही ते ठरवणारे गुळवे शिवातात्या काहिलीतला दांडा फिरवता फिरवता म्हणाले, “सकाळी म्हातारा, दुपारी तरणा. असला धूर मला पण पाहिजे. माझी गुडघेदुखी तरी जाईल.” सगळे खो खो हसले. सर्जेराव हसले नाहीत. “यंत्र खोटं हाय,” ते म्हणाले. “आणि यंत्र खोटं म्हणजे ते हवामानाचं सगळं पुराणच खोटं. रविवारच्या ग्रामसभेत मी ठराव मांडतो. नाकाड्या गावाबाहेर.”

कस्तुरी नाकाड्याच्या पुढं जाऊन उभी राहिली. कारण नाकाड्या बनवला होता अक्काआज्जीनं.

अक्काआज्जी म्हणजे कस्तुरीच्या आजोबांची थोरली बहीण, सर्जेरावांची आत्ती. माळशिंगीत वाढलेली, पुण्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं हवेचा अभ्यास केलेली आणि निवृत्त होऊन पुन्हा गावात आलेली. इतकी वर्षं पुण्यात काढूनही ती कोल्हापूरकडच्या बायकांसारखी “मी जातो, मी बघतो” असंच बोलायची. सर्जेरावांना लहानपणी नदीत पोहायला तिनंच शिकवलं होतं. दर हंगामात पहिल्या काहिलीचा पहिला गरम खडा तिच्या हातावर ठेवायचा, मग बाकीच्यांच्या, हा चौगल्यांचा रिवाज होता.

त्या संध्याकाळी अक्काआज्जी गुऱ्हाळावर आली ती कपाळाला आठी घालूनच. यंत्रावर आलेला आळ तिला सोसेना. तिनं आडवळण न घेता विचारलं, “सर्जा, टायर जाळतोयस काय रं?”

सर्जेरावांनी हातातलं चिपाड खाली ठेवलं. मग म्हणाले, “तुम्हाला तसं वाटतंय व्हय?”

आत्तीला ते जन्मात कधी ‘तुम्ही’ म्हणाले नव्हते. अक्काआज्जीलाही ते लागलं. ती वळली आणि चालू लागली. दुसऱ्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं आणि मध्ये सापडली कस्तुरी.

तिला कोडं धुराचं राहिलंच नव्हतं. यंत्र खरं असेल तर पप्पा खोटं बोलतायत. पप्पा खरं बोलत असतील तर अक्काआज्जी खोटी. तिसरं काही तिला सुचत नव्हतं, आणि यातलं कुठलंच तिला नको होतं.

शेवटी ती अक्काआज्जीच्या ओसरीवर जाऊन बसली. “धुराचं वय कळतं कसं? मला अ पासून सांग,” ती म्हणाली.

अक्काआज्जी लसूण सोलत होती. तिनं अर्धा लसूण कस्तुरीपुढं सारला आणि सांगायला लागली. “हवेत कार्बन डायऑक्साइड असतो (कार्बन आणि प्राणवायू मिळून झालेला वायू). ऊस तो पानांतून आत घेतो. वरनं ऊन घेतो, खालनं पाणी घेतो आणि त्यातनं स्वतःचं अंग बनवतो. रसातली साखर, चिपाड, पाचट, सगळ्यातला कार्बन हवेतला.”

“म्हणजे ऊस हवा खातो?”

“खातो की. आता ह्या कार्बनमध्ये एक वेगळा कण असतो, कार्बन-चौदा. लाख कोटी कणांत एखादा. अवकाशातनं सारखे विश्वकिरण येत असतात (दूरच्या ताऱ्यांकडून येणारे अतिवेगवान कण). ते उंच हवेत आदळले की हा कण तयार होतो. हा किरणोत्सारी आहे (आपोआप किरण सोडत हळूहळू संपत जाणारा). ऊस जिवंत आहे तोवर हवेतनं ताजा कार्बन-चौदा आत येत राहतो. ऊस तोडला की येणं बंद. मग आहे तो विरत जातो. पावणेसहा हजार वर्षांत निम्मा उरतो. पुढच्या तेवढ्याच वर्षांत निम्म्याचा निम्मा. ह्या काळाला अर्धायुष्य म्हणतात (निम्मं उरायला लागणारा काळ).”

कस्तुरीनं मनात निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं करून पाहिलं. “मग कोट्यवधी वर्षांनी?”

“काहीच उरत नाही. दगडी कोळसा आणि खनिज तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं आणि पाण्यातले बारके जीव. जमिनीखाली गाडलेले. त्यांच्या धुरात कार्बन-चौदा शोधून सापडत नाही. नाकाड्या तेवढंच बघतो. सापडला, तर धूर नवा. नाही सापडला, तर म्हातारा.”

“पण खोकला दोन्हीनं येतो.”

“येतो. नवा धूर छातीला चांगला असं मी कुठं म्हणालो? भानगड दुसरी आहे.” अक्काआज्जीनं लसणाचा हात पुसला. “काहिलीत शिवातात्या काय करतात? रस पळीनं वर उचलतात आणि परत काहिलीतच सोडतात. त्यानं काहील भरून वाहते का?”

“नाही. रस तेवढाच राहतो.”

“चिपाडाचं तसं आहे. उसानं हवेतनं घेतलं, जाळल्यावर हवेत परत गेलं, पुढच्या उसानं पुन्हा घेतलं. आता समज, हौदाची तोटी कुणीतरी काहिलीत सोडली आणि बंदच केली नाही, तर?”

“वाहील. सगळीकडं चिकट होईल.”

“जुना धूर म्हणजे ती तोटी. जमिनीखालचा कार्बन आपण दीड-दोनशे वर्षं उकरतोय आणि हवेत सोडतोय. तो वाकळेसारखा, जाड गोधडीसारखा पृथ्वीवर बसतो, खालची ऊब बाहेर जाऊ देत नाही. एक वाकळ पाहिजेच, नाहीतर थंडीनं मरू. पण एकावर एक घालत गेलं तर घामानं जीव जाईल. ऊब वाढली की पावसाचं वेळापत्रक बिघडतं. ह्या वर्षी माघात पाऊस पडला, आठवतंय?”

आठवत नाही कसं? चार दिवस पडला होता. वाळत घातलेलं चिपाड भिजून ओलंगच्च झालं होतं.

“आणि पट्टी?”

“पूर्वी सगळे गुऱ्हाळवाले मळी ओढ्यात सोडायचे,” अक्काआज्जी म्हणाली. “रसावर येणारा घाण फेस. सोडणाऱ्याचं काही जायचं नाही, खालच्या गावाची जनावरं मरायची. मग मळीसाठी खड्डा काढायचं ठरलं, खर्च ज्याचा त्यानं. धूरपट्टीमागं विचार तोच आहे.”

कस्तुरीला पटलं. ती उड्या मारत गुऱ्हाळावर गेली आणि वडिलांना सगळं सांगितलं. सर्जेराव वाळकं चिपाड निवडत होते. ओल्यातनं वाळकं वेगळं करायचं हे त्या वर्षी रोजचंच काम होऊन बसलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “विचार तुझ्या आज्जीला. हवामान काय आधी कधी बदललं न्हवतं? आणि ज्वालामुखी हाईत. ते पण जमिनीखालचंच वर टाकत्यात. त्यांच्यावर पट्टी हाय काय?”

हेही पटलं. कस्तुरी तशीच उलट पावली अक्काआज्जीकडं गेली.

अक्काआज्जीचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा उजळला. “ज्वालामुखीचं सर्जानं विचारलं? प्रश्न बरोबर आहे त्याचा. ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-चौदा नसतो. म्हणून शास्त्रज्ञांनी तो वेगळा मोजला. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून माणसाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास सोडतात. आणि हवामान आधीही बदललं होतं, खरं आहे. पण हजारो वर्षांत बदललं. रानात वणवा आधीही लागायचा, म्हणून आज लागलेली आग कुणी लावलीच नाही असं होतं का?”

कस्तुरी पुन्हा गुऱ्हाळावर. सर्जेराव म्हणाले, “बरं. मग ते ‘दोन-तीन इकडंतिकडं’ काय? त्यालाच नक्की ठाव न्हाई, तर आम्ही का मानायचं?” कस्तुरी पुन्हा ओसरीवर. अक्काआज्जी म्हणाली, “तुझा पप्पा गुळाची ढेप नुसती उचलून वजन सांगतो ना? तीस किलो, अर्धा किलो इकडंतिकडं. म्हणून ढेपच नाही असं कुणी म्हणतं का?”

अशा खेपा घालून घालून कस्तुरीच्या पायांचे तुकडे पडले. अक्काआज्जीकडं असताना अक्काआज्जीचं पटायचं, पप्पांकडं असताना पप्पांचं, आणि दोघांच्या मधल्या बांधावर उभं राहिलं की कुणाचंच पटायचं नाही. दोघांचे प्रश्न संपत आले होते. मुळातला प्रश्न मात्र जागचा हलला नव्हता. नाकाड्या रोज येऊन हुंगून जायचा आणि आकडे तेच. सकाळी अठ्ठावीस आणि दुपारी दोन, असं का?

शनिवारी दुपारी ती बांधावरच बसून राहिली. नाकाड्या जवळ उन्हात आपली वीजपट्टी तापवत उभा होता.

“नाकाड्या, तू चुकू शकतोस का?”

“हो,” नाकाड्या म्हणाला. “पण सकाळी रोज सारखाच आणि दुपारी रोज सारखाच चुकत असेन, तर त्याला काहीतरी कारण असेल.”

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. चूक यंत्राची की पप्पांची, एवढंच ती विचारत बसली होती. पण फरक रोजचाच असेल तर सकाळी असं काहीतरी जळत असणार, जे दुपारी जळत नाही. टायर? छे. टायरचा वास लपत नाही. तिनं सकाळ डोळ्यांपुढं आणली. पप्पा चुलवाणाची राख काढतात. शिवातात्या काहील धुतात. मग ती स्वतः टोपली घेऊन येते, आणि…

कस्तुरी ताडकन उठली.

माळशिंगीच्या गुऱ्हाळांवर एक जुनी चाल होती. चुलवाण पेटवायला जुन्या लुगड्यांचे बोळे लागायचे. गावातल्या बायका फाटकं लुगडं आणून द्यायच्या आणि तांब्याभर काकवी (गूळ होण्याआधीचा पातळ, गोड पाक) घेऊन जायच्या. पणजीच्या पणजीपासून असंच चालत आलेलं. चौगल्यांच्या गुऱ्हाळावर साड्या गोळा करायचं, फाडायचं आणि बोळे करून चुलवाणाच्या तोंडाशी कोंबायचं काम कस्तुरीचं होतं. एरवी चार-दोन बोळ्यांत भागायचं. पण ह्या वर्षी चिपाड ओलं, पेटता पेटेना, म्हणून रोज टोपली भरून बोळे लागत होते. याला कुणी जळण म्हणतच नव्हतं. हे नुसतं पेटवण. आणि साडी म्हणजे कापड, कापड म्हणजे कापूस, कापूस म्हणजे झाड. मग ते नवंच की.

ती धावत घरी गेली. आई दोरीवरचे कपडे काढत होती. “आई, साडी कापसाची असते ना?”

“आता कुठली कापसाची?” आई हसली. “पणजीचं लुगडं असायचं कापसाचं, वाळायला दिवस जायचा. आता नेसतोय त्या साड्या मघाशी धुतल्या की आत्ता वाळत्यात.”

“मग कशाच्या असतात?”

“मला काय ठाव? कारखान्यात करत्यात,” आई म्हणाली आणि घड्या घालायला लागली.

कस्तुरीनं मागच्या अंगणात फुटकं घमेलं मांडलं. नाकाड्याला बोलावलं. आधी मूठभर चिपाड पेटवलं. नाकाड्यानं नळी पुढं केली. “सगळं नवं.” मग शेणीचा तुकडा. “सगळं नवं.” मग देवघरातली कापसाची वात. “नवं.” मग तिनं टोपलीतला एक बोळा काढला, हिरव्या साडीचा, जरीचा काठ असलेला. पेटवल्यावर तो राख झालाच नाही. वितळला, आकसला, आणि काळे थेंब टपटप घमेल्यात पडून खडे झाले. हे थेंब तिनं चुलवाणाच्या तोंडाशी रोज पाहिले होते, पण असं बघितलं नव्हतं.

नाकाड्या बराच वेळ हुंगत राहिला. “शंभरातले सत्त्याण्णव जुने. हे काय आहे?”

“साडी.”

“साडी खाणीतून निघते?”

कस्तुरीला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. पप्पा खोटं बोलत नव्हते. अक्काआज्जीही खोटी नव्हती. म्हातारा धूर ती स्वतः रोज टोपली भरून घालत होती.

उद्या सभा. गप्प बसलं तर अक्काआज्जीचं यंत्र गावाबाहेर जाणार. सांगितलं तर पप्पांचा हिरवा शिक्का जाणार, आणि तोही तिच्यामुळं. तिला आयुष्यात इतकं अवघड कधी वाटलं नव्हतं. पण घमेल्यातले काळे खडे समोर होते. तिनं ते ओंजळीत घेतले आणि गुऱ्हाळावर गेली.

सर्जेरावांनी सगळं ऐकलं. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. टोपलीतला दुसरा बोळा घेऊन त्यांनी स्वतः पेटवला आणि तो थेंब थेंब वितळताना बघत बसले. मग तिसरा पेटवला. कस्तुरी मुसमुसत म्हणाली, “पप्पा, मी केलं हे.”

“तू न्हवं,” ते म्हणाले. “बोळं घाल म्हणून तुला मीच सांगितलं. मला माझ्या आईनं. चाल तीच ऱ्हायली आणि मधी लुगडं बदललं, ते कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई.” मग त्यांनी विचारलं, “नाकाड्याशिवाय अजून कुणाला सांगितलंस?” ती नाही म्हणाली. ते उठले आणि वाळकं चिपाड निवडायला गेले. रविवारी पप्पा काय करणार ते कस्तुरीला कळेना.

रविवारी चार वाजता शाळेच्या पटांगणात सभा भरली. अक्काआज्जी मागं एका कडेला बसली होती. तिला ठराव काय येणार ते ठाऊक होतं. वीटभट्टीवाले पुढच्या रांगेत बसले होते. सर्जेराव उठले, तेव्हा त्यांच्या हातात ठरावाचा कागद नव्हता. काळे खडे होते.

“मी म्हणालो, यंत्र खोटं हाय,” त्यांनी सुरुवात केली. “यंत्र खरं हाय. मी चिपाडच जाळतोय, ते पण खरं हाय. पेटवायला साड्या लागत्यात ते मी धरलंच न्हवतं. ह्या साड्या खनिज तेलापास्नं करत्यात, असं काल मोबाइलवर वाचलं. माघात पाऊस पडला, चिपाड भिजलं. भिजलं म्हणून बोळं वाढवलं. बोळ्यांचा म्हातारा धूर वर गेला. तिथं गेल्यावर तो पावसाचं काय करतोय, ते आत्ती तीस वर्षं सांगत्या.”

“मग पट्टी भरणार काय?” वीटभट्टीवाल्यांनी विचारलं.

“ह्या वर्षीची भरणार. पट्टी किती असावी, जमा झाली की कुणाला द्यावी, ह्यावर मी सरकारशी भांडणार हाय. मला ती जास्त वाटत्या. पण ते आपण भांडून ठरवायचं. धूर किती म्हातारा, ते भांडून ठरत न्हाई, ते मोजायलाच लागतंय. पट्टी आवडली न्हाई म्हणून मी नाकाड्यावर राग काढला. ठराव मी मांडत न्हाई.”

सगळ्यांना पटलं, असं मुळीच झालं नाही. वीटभट्टीवाले मान हलवत उठून गेले. शिवातात्यांना वाटलं, साड्यांचं सोडा, आपल्या गुडघ्याचं काय. मागून एका काकूंनी विचारलं, “म्हंजे आता साडी देऊन काकवी मिळायची न्हाई व्हय?” बायकांत एकदम गलका झाला. धूरपट्टीवर झाला नव्हता एवढा.

कस्तुरी उभी राहिली. “काकवी मिळणार,” ती म्हणाली. “वाळकं पाचट आणा. उसाची पानं. माळ्यावर ठेवलेली, पावसात न भिजलेली. आणि साड्यांच्या वाकळा शिवा. वाकळ जळत नाही तोवर त्यातला म्हातारा कार्बन आतच राहतो.”

दुसऱ्या दिवशी चुलवाण पेटायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. पाचट भुर्रकन पेटायचं आणि विझायचं. सर्जेराव फुंकून फुंकून लालबुंद झाले. अखेर चिपाडानं धरलं. अक्काआज्जी कठड्याशी येऊन उभी होती, पण आत येत नव्हती.

“आत्ती,” सर्जेराव म्हणाले, “तू बाहेर का?”

‘तू’ ऐकल्यावर ती आत आली. “सर्जा, मी मोजायच्या आधीच ठरवून टाकलं, तू टायर जाळतोस म्हणून,” ती म्हणाली. “शास्त्रज्ञानं असं करायचं नसतं. आत्तीनं तर नाहीच.” गूळ निववायच्या वाफ्यात उतरला, तेव्हा सर्जेरावांनी एक गरम खडा उसाच्या पानावर घेतला आणि तिच्या हातावर ठेवला. हंगामाच्या पहिल्या काहिलीचा तो नव्हता, पण अक्काआज्जीनं तो दोन्ही हातांनी घेतला.

नाकाड्यानं धुराड्यापाशी नळी उंच केली. सगळे त्याच्याभोवती जमले. “शंभरातले नव्व्याण्णव नवे,” तो म्हणाला. “एक जुना.”

कस्तुरीनं टाळी वाजवली. शिवातात्यांनीही मान डोलावली. सर्जेराव मात्र कपाळाला आठी घालून धुराकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी पाचटाची पेंढी उचलली, तिला बांधलेली निळी प्लास्टिकची दोरी बोटांनी चाचपली आणि विचारलं, “आत्ती, त्या एकाचं काय?”